कनकीची निवड

बँकेच्या नोकरीत आयुष्याची छत्तीस वर्षे घालविल्यावर माणसास एक खोड जडते. कोणतीही वस्तू समोर आली की तिचे मूल्य किती, तिच्यावर खर्च किती आणि तिच्यात जोखीम किती, हे तीन रकाने मनात आपोआप आखले जातात. नोकरीत ही खोड उपयोगी पडली. निवृत्तीनंतर मात्र एका मांजराच्या बाबतीत ती मला चांगलीच नडली. हिशेब चुकला माझा आणि त्याची भरपाई त्या मुक्या जिवाने करावी, अशी वेळ आली होती. त्या प्रसंगाविषयी हे चार शब्द लिहीत आहे. विषय मांजराच्या शौचाचा आहे, म्हणून काही वाचक नाक मुरडतील. तथापि ज्यांच्या घरी नातवंडांच्या हट्टापायी एखादे मांजर येऊन राहिले आहे, त्यांना यातून काही उपयोग व्हावा.

आमचे गोंदिया हे धानाचे गाव. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, पण भातगिरण्यांचा व्यवसाय त्याच्या किती तरी आधीपासूनचा. आमचे घराणे धान्याच्या व्यापारातले. थोरले बंधू, ज्यांना घरात सारे ‘दादा’ म्हणतात, ते दुकान सांभाळीत आणि मी एम.कॉम. होऊन बँकेत गेलो. दोन पावसाळ्यांपूर्वी दादांच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीमागे एक पिलू सापडले. मूठभर देह, पांढुरका-पिवळा रंग. आमच्याकडे तांदळाच्या तुकड्यांना ‘कनकी’ म्हणतात. दादांच्या नातीने तेच नाव तिला ठेवले आणि पिलू आमच्या घरी आणून सोडले, कारण भाभींना मांजराच्या केसांचा त्रास होतो.

मांजर पाळण्यास आमच्या सौभाग्यवतींचा आरंभी विरोध होता. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ येते, म्हणजे हिंस्र स्वभावाचे प्राणी वगैरे कमाईसाठी पोसणे, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. ‘आपण कमाईसाठी पाळत नाही, पावसात भिजणाऱ्या जिवाला आसरा देत आहोत,’ असे मी समजाविले. त्यांनी मानले, पण सावधपणे. तिच्या आहाराचा प्रश्न निराळा आणि अवघड आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी लिहीन.

पहिले वर्षभर कनकी बाहेर जाई, गच्चीवर फिरे, आपले विधी कोठेतरी उरकून येई. आम्हाला त्याचा विचारच करावा लागला नाही. पुढे ज्येष्ठातील एका सकाळी तिने अर्धमेली खार तोंडात धरून आणली आणि देवघराच्या उंबऱ्याशी ठेवली. सौ. पूजेची थाळी हातात घेऊन तेथेच थिजल्या. खार काही वाचली नाही. त्या दिवशी त्यांनी निर्णय दिला, ‘ही घरात राहणार असेल तर घरातच राहील. बाहेर जाऊन जीव मारणार असेल तर आपल्याकडे नको.’ निर्णय रास्त होता. दारे-खिडक्यांना जाळ्या बसल्या. आणि मग तो प्रश्न उभा राहिला, ज्याचे उत्तर आजवर मोकळ्या जमिनीने परस्पर दिले होते: घरात राहणाऱ्या मांजराने शौचास जायचे कोठे?

मांजर हा मुळात कोरड्या मुलखातला प्राणी. भुसभुशीत जागा उकरून त्यात विधी करणे आणि वर माती लोटणे ही त्याची उपजत रीत. त्याला शिकवावे लागत नाही, फक्त उकरता येईल असे काहीतरी द्यावे लागते. मी एक जुने घमेले घेतले आणि शेजारच्या बांधकामावरून वाळू मागून आणली. कनकीने ती लगेच स्वीकारली. पण वाळू ओल धरून ठेवते, दुर्गंध आवरीत नाही, आणि पायांना चिकटून स्वयंपाकघरापर्यंत येते. सौ. म्हणाल्या, ‘हे चालायचे नाही.’ मग सॉ मिलमधून लाकडाचा भुसा आणला. त्याची बारीक धूळ उडे. कनकी शिंकू लागली आणि मीही. तेव्हा माझ्या मनात ती ‘उत्तम’ कल्पना आली. भातगिरण्यांच्या गावात राहून मी लाकडाचा भुसा का आणावा? तूस का नको?

शंभर किलो धान भरडले की सुमारे वीस किलो तूस निघते. नोकरीत असताना गिरण्यांच्या कर्जखात्यांची तपासणी करण्यास मी जात असे. धान, तांदूळ, कनकी, कोंडा यांचे वजन आणि मूल्य टिपून घेत असे, पण अंगणातील तुसाच्या ढिगाकडे क्वचितच लक्ष देई. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या ते भट्टीत जाळतात. ओळखीच्या एका गिरणीवाल्यांनी दोन पोती तूस फुकट दिले. वस्तू फुकट, हलकी, कोरडी आणि आपल्याच गावची! मी हा शोध चार ठिकाणी अभिमानाने सांगितला.

कनकीला मात्र तो रुचला नाही. ती घमेल्याच्या काठावर चढे, एक पंजा आत टाके, झटकन मागे घेई आणि बराच वेळ तशीच उभी राही. अगदी नाइलाज झाला की उतरे. ‘सवय होईल,’ असे मी म्हणत राहिलो. श्रावण लागला. हवेतील ओलाव्याने तुसाला कुबट वास येऊ लागला, आणि एके दिवशी त्यात बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. मी ते सारे बाहेर टाकून दुसऱ्या पोत्यातले ताजे तूस भरले. त्या अळ्यांचे काय झाले असेल, याचा विचार तेव्हा केला नाही.

याच सुमारास आमची लेक पहिल्या बाळंतपणासाठी रायपूरहून माहेरी आली. सातवा महिना होता. सौ.नी आणि भाभींनी जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, उन्हात वाळवून पलंगावर रचून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या रचलेल्या दुपट्यांवर कनकी बसलेली दिसली. ती उठून गेल्यावर कळले की दुपटी भिजली आहेत.

घरात केवढा गहजब झाला, हे सांगावयास नको. भाभींनी कोणाकडून तरी ऐकले होते की मांजराच्या विष्ठेतून गर्भवतीला रोग होतो आणि पोटातील बाळास अपाय होतो. सौ. आधीच काळजीत होत्या. दादा दुकानातून आले, सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, ‘हिला पोत्यात घालून मी रजेगावच्या पुलापलीकडे सोडून येतो. वाटेत गिरण्या आहेत, उंदीर आहेत, उपाशी मरायची नाही. लेकीपेक्षा मांजर मोठे नाही.’

वाचकहो, येथे मला एक कबुली द्यायची आहे. मी विरोध केला नाही. गोदामातून रिकामे पोते मीच काढून आणले. पलीकडच्या गिरणीत दुसरी मांजरे असतील, रस्त्यावर मालमोटारी असतील, घरात वाढलेली ही कनकी दोन दिवसही टिकेल की नाही, हे सारे मला कळत होते. पण मनाने हिशेब मांडला होता आणि उत्तर सोयीचे आले होते.

पोते हातात घेऊन मी आत आलो, तेव्हा लेक त्या घमेल्यापाशी स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही या तुसात कधी अनवाणी पाय ठेवून पाहिला आहे का?’

मी चप्पल काढली. लेकीसमोर नाही म्हणता येईना म्हणून पोत्यातील स्वच्छ तूस फरशीवर पसरले आणि त्यावर उभा राहिलो. तुसाची टोके अणकुचीदार असतात. भाताच्या तुसात सिलिका पुष्कळ, म्हणजे काचेचाच एक भाऊबंद. वर निसर्गतः मेणचट थर, त्यामुळे ते पाणी चटकन शोषीत नाही. लघवी खाली घमेल्याच्या तळाशी साचत होती आणि त्या टोचणाऱ्या, ओल्या राडीत त्या जिवाने दररोज उतरावे, अशी माझी अपेक्षा होती. तिला मऊ, कोरडी, पाणी शोषणारी जागा हवी होती. घरात तशी एकच जागा होती, ती दुपटी.

चूक माझी होती आणि शिक्षा तिला होणार होती. मी पोते घडी करून बाजूला ठेवले आणि दादांना म्हणालो, ‘मला दोन दिवस द्या.’

त्याच संध्याकाळी लेकीला घेऊन तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भाभींचे ऐकीव अगदीच निराधार नव्हते. टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीमुळे होणारा रोग खरा आहे आणि गर्भास तो घातक ठरू शकतो. पण त्यांनी जे समजाविले ते आम्हापैकी कोणासच ठाऊक नव्हते. मांजराला हा संसर्ग होतो तो उंदीर-पाखरे किंवा कच्चे मांस खाल्ल्याने, आणि पहिल्यांदा झाला म्हणजे साधारण एक ते तीन आठवडेच त्याच्या विष्ठेतून त्याची बीजे बाहेर पडतात. बाहेर पडलेले बीज लगेच संसर्ग करीत नाही. त्याला पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. तेव्हा विष्ठा रोजच्या रोज काढली, ती गर्भवतीने न काढता दुसऱ्या कोणी काढली, आणि नंतर हात साबणाने धुतले, तर धोका फारच कमी उरतो. ‘मांजर घरातच ठेवता, शिकार बंद केली, हे उत्तम,’ असेही त्या म्हणाल्या. मग त्यांनी सौ.ना विचारले, ‘कोथिंबीर, पालेभाज्या किती पाण्यांत धुता? न धुतलेल्या भाजीला लागलेल्या मातीतूनही हा रोग येतो.’ सौ.नी माझ्याकडे पाहिले. बाजारातून भाजी आणून वरवर विसळण्याचे काम घरात माझे आहे.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांकडे. त्यांनी प्रथम कनकीला तपासले. मांजर जागा सोडून लघवी करू लागले तर ते खोडसाळपणा करीत आहे असे समजू नये, मूत्रमार्गाचा आजार असू शकतो; बोक्याची लघवी तुंबली तर दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो, म्हणून आधी तपासणी, असे ते म्हणाले. कनकी निरोगी होती. ‘मग दोष हिच्यात नाही, तुमच्या घमेल्यात आहे,’ एवढे बोलून त्यांनी ज्या सूचना दिल्या, त्या मी वहीत क्रमवार उतरून घेतल्या. भांडे मांजराच्या लांबीच्या दीडपट असावे. त्यात दोन-तीन इंच थर असावा. दाणा बारीक असावा, कारण बहुतेक मांजरांना बारीक दाणाच आवडतो. सुगंधी नसावा, माणसाला जो सुवास वाटतो तो मांजराच्या तीक्ष्ण नाकाला असह्य होतो. भांडे खाण्याच्या जागेपासून दूर, शांत कोपऱ्यात ठेवावे. जितकी मांजरे, त्याहून एक भांडे अधिक. आणि शेवटची सूचना अशी: ‘तुम्ही ठरवू नका. दोन-तीन प्रकार शेजारी शेजारी मांडा आणि तिला निवडू द्या.’

बाजारात चौकशी केली. दुकानदाराने विचारले, ‘लिटर हवे का?’ मी म्हणालो, ‘किती लिटर?’ तो हसला. मांजराच्या भांड्यात घालावयाच्या पदार्थालाच ‘लिटर’ म्हणतात, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळले.

या वस्तूचा जन्मही एका व्यापारी घरातच झाला आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाचा तरुण वडिलांच्या व्यवसायात होता. कारखान्यांतील सांडलेले तेल टिपून घेण्यासाठी लाकडाचा भुसा, वाळू आणि भाजलेली माती विकणे हा त्यांचा धंदा. १९४७ च्या हिवाळ्यात शेजारच्या एक बाई मांजरासाठी वाळू मागण्यास आल्या. तोपर्यंत त्या राख वापरीत आणि मांजराच्या पायांची काळी नक्षी घरभर उमटे. लोने त्यांना वाळूऐवजी दाणेदार माती दिली, जी आपल्या मुलतानी मातीचीच बहीण. बाई पुन्हा मागण्यास आल्या. लोने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या आणि पासष्ट सेंट किंमत ठेवली. वाळू जवळजवळ फुकट मिळत असता माती कोण विकत घेणार, असे दुकानदार म्हणाला. लो म्हणाला, ‘मग फुकट वाटा.’ लोक फुकट घेऊन गेले आणि पुढच्या वेळी पैसे घेऊन आले. माझ्यासारखा हिशेबी माणूस त्या दुकानदाराच्या बाजूने उभा राहिला असता, यात शंका नाही.

१९८० च्या दशकात यात बेंटोनाइट नावाच्या मातीची भर पडली. ही माती ओली होताच फुगते आणि तिचा घट्ट गोळा बनतो. तो गोळा तेवढा काढून टाकायचा, उरलेली माती कोरडीच राहते. ही माती आपल्या देशात कच्छ, भावनगर आणि बाडमेर भागांत विपुल आहे. याशिवाय सिलिकाचे पांढरे खडे, लाकडाच्या दाबून केलेल्या गोळ्या, मका किंवा सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेले दाणेही मिळतात. शेवटचे दोन मी घेतले नाहीत. धान्यापासून केलेली वस्तू चातुर्मासाच्या दमट हवेत घरात ठेवली तर तुसासारखीच गत होणार, किडे पडणार आणि ते आपल्या हातून मरणार. अंगणातील ओली माती खणून आणणेही त्याच कारणाने नको वाटले. त्यात मुंग्या असतात, गांडुळे असतात.

तीन भांडी मांडली. एकात चाळलेली वाळू, दुसऱ्यात लाकडाच्या गोळ्या, तिसऱ्यात बिनवासाची बारीक बेंटोनाइट माती. वहीत तीन रकाने आखले आणि सात दिवस नोंद ठेवली. पहिल्या दिवशी कनकीने तिन्ही भांडी हुंगली. वाळूत ती दोनदा गेली, गोळ्यांवर एकदा उभी राहून परत फिरली. तिसऱ्या दिवसापासून तिसऱ्या रकान्याखेरीज कोठेही खूण करावी लागली नाही. दुपट्यांकडे तर ती फिरकलीही नाही. अर्थात, ती स्वच्छ धुऊन कपाटात ठेवली होती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

खर्चाचा रकाना मी शेवटी भरला. पाच किलोच्या पिशवीस तीनशे रुपयांच्या आसपास पडले. तूस फुकट होते खरे, पण ते एका दिवसाआड सगळेच फेकावे लागे, घमेले घासावे लागे, पाणी जाई, शिवाय भिजलेली दुपटी. मातीतून झाऱ्याने रोज गोळे तेवढे काढायचे आणि कमी झाली तितकी वर घालायची. एक पिशवी तीन आठवड्यांहून अधिक पुरली.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत. ओतताना धूळ उडते, म्हणून मी खिडकी उघडून हळू ओततो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर अधिक जपावे. ती शौचकूपात किंवा मोरीत टाकू नये, फुगून नळ तुंबतो. मांजराची अगदी लहान पिले ती चाटतात आणि पोटात गेल्यास अपाय होतो, म्हणून पिलांसाठी ती वापरू नये. रांगते मूल घरात असेल तर भांडे त्याच्या आवाक्याबाहेर असावे. आणि खतासाठी भाजीच्या वाफ्यात तर मुळीच टाकू नये.

मग टाकायचे कोठे? या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबलो. आपल्या मुनिवरांच्या पाच समितींत पाचवी आहे उत्सर्ग समिती. कोणी तिला परिष्ठापनिका म्हणतात, कोणी प्रतिष्ठापना. मल-मूत्रासारखी त्याज्य वस्तू टाकतानासुद्धा जागा नीट पाहावी, तेथे जीव नाहीत याची खात्री करावी, कोणास उपद्रव होऊ नये. व्याख्यानात ही समिती आली की, खरे सांगतो, माझे लक्ष उडे. ईर्या, भाषा, एषणा यांत काही उदात्त वाटे. मलविसर्जनात काय ऐकायचे? आज रोज सकाळी झारा हातात घेतला की ती आठवते. अळ्या पडलेले तूस मी न पाहता उलथून टाकले होते. आता गोळे वाळलेल्या स्थितीतच जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि घंटागाडीत देतो. मुनींचे आचरण कोठे आणि माझे हे घरगुती काम कोठे, याची मला जाणीव आहे. पण टाकण्यातही विवेक लागतो, हे मला एका मांजराच्या भांड्यापाशी कळले.

दादा सातव्या दिवशी आले. मी वही पुढे केली. त्यांनी तिन्ही रकाने वाचले, डॉक्टरीणबाईंचे म्हणणे सौ.कडून ऐकले आणि काही बोलले नाहीत. संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमण आटोपून आम्ही भाऊ एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो, तेव्हा कनकी खिडकीत बसली होती. दादांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. मीही जोडले. वर्षानुवर्षे सर्व जीवांची क्षमा मागत आलो, पण समोर एक विशिष्ट जीव आहे आणि नेमकी कोणती चूक झाली ते ठाऊक आहे, असे त्या दिवशी पहिल्यांदाच घडले.

लेकीला आश्विनात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. भांडे आता मागच्या सज्जात आहे. तेथे बाळ जात नाही. कनकीच्या पायांना चिकटलेली माती घरात येऊ नये म्हणून भांड्यापुढे काहीतरी खरखरीत अंथरावे लागते. बाजारात त्यासाठी खास चटया मिळतात. दादांनी ते ऐकले आणि त्या दिवशी मी घडी करून ठेवलेले पोते मागवून घेतले. त्याचे दोन भाग केले, कडा दाभणाने शिवल्या आणि स्वतः नेऊन भांड्यापुढे अंथरले. गोणपाट माती चांगली धरून ठेवते. रोज सकाळी ते झटकण्याचे काम माझ्याकडे आहे.